‘टेनेट’, जातवैधता आणि ‘समजला नाही’ म्हणण्याचा हक्क

काही सिनेमांवरून आजकाल माणसाची बुद्धी मोजली जाते. क्रिस्टोफर नोलनचे ‘इन्सेप्शन’ (२०१०), ‘इंटरस्टेलर’ (२०१४) आणि ‘टेनेट’ (२०२०) हे त्या परीक्षेचे ठरलेले पेपर. ‘पाहिलास का?’ हा पहिला प्रश्न. ‘समजला का?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला जो ‘नाही’ म्हणेल त्याच्याकडे बघून हसायचं आणि वर म्हणायचं, ‘सोड रे, तो तुझ्यासाठी नाहीच.’ मोठ्या शहरातल्या हॉस्टेलांत आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या पोरांनी हे वाक्य ऐकलेलं आहे. पुण्याला शिकायला गेलेल्या आमच्या एका मित्राने ते पहिल्याच वर्षी ऐकलं. त्यानंतर इंग्रजी सिनेमाचा विषय निघाला की तो पाणी प्यायला म्हणून उठून जायचा.

‘हे तुमच्यासाठी नाही’ हे वाक्य आपल्याला नवीन नाही. ते वेदांबद्दल सांगितलं गेलं, तळ्यातल्या पाण्याबद्दल सांगितलं गेलं, शाळेच्या बाकाबद्दल सांगितलं गेलं. आता ते कृष्णविवराबद्दल आणि काळाच्या उलट्या प्रवासाबद्दल सांगितलं जातं. सांगणाऱ्याला कदाचित त्यातली जात दिसतही नसेल. पण ऐकणाऱ्याच्या मनात ते नेमकं जुन्या जागीच जाऊन बसतं. म्हणून एका सिनेमावरच्या प्रतिक्रियांसारख्या वरवर किरकोळ विषयावर आम्ही हा लेख लिहितो आहोत.

‘टेनेट’ भारतात ४ डिसेंबर २०२० ला लागला. त्याच्या महिनाभर आधी, ५ नोव्हेंबरला, महाराष्ट्रातली थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर उघडली होती. कोरोनाचा काळ, त्यात आमचा जिल्हा. आमच्यापैकी कुणीही तो तेव्हा पाहिला नाही. गेल्या उन्हाळ्यात शहाद्याला आम्ही चालवतो त्या अभ्यासिकेत एका रविवारी टीव्ही लावला आणि हिंदी डबिंगमधला ‘टेनेट’ एकत्र बसून पाहिला. वीस-बावीस जण होते. पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले, नीटची तयारी करणाऱ्या दोन-तीन मुली, चळवळीतले दोन जुने कार्यकर्ते. घरी कुणी भिलीत बोलतं, कुणी पावरीत, कुणी मावचीत, कुणी अहिराणीत. सिनेमा इंग्रजीचा, आवाज हिंदीचा, चर्चा मराठीत. तीन भाषांचे डोंगर ओलांडून तो आमच्यापर्यंत आला.

पहिला अर्धा तास खोलीत शांतता. मग उलट्या धावणाऱ्या गाड्यांचा पाठलाग सुरू झाला आणि मागून आवाज आला, ‘भारी!’ काय भारी, ते विचारलं तर उत्तर नाही. एमपीएससीचा एक जण अर्ध्यातून उठला, ‘हा सिलॅबसमध्ये नाही’ म्हणाला आणि पुस्तक घेऊन बाहेर बसला. दोघं मोबाईल काढून ‘टेनेटचा अर्थ’ सांगणारे व्हिडिओ शोधू लागले. म्हणजे समोर सिनेमा चालू आणि हे दुसऱ्याच्या तोंडून त्याचा अर्थ ऐकतायत. एक काका, ज्यांनी आयुष्य मोर्च्यात घालवलं, ते म्हणाले, ‘पोरांनो, हे अमेरिकेचं सोंग आहे. आपले प्रश्न भाकरीचे, आणि तुम्ही काळ उलटा फिरवताय.’

आणि धडगाव तालुक्यातली एक मुलगी, नीटची तयारी करणारी, म्हणाली, ‘दादा, थांबवा. मला नाही समजलं. मागे घ्या.’

आमच्या मते त्या दिवसातली सगळ्यात शहाणी प्रतिक्रिया हीच होती. त्यानंतर सिनेमा किती वेळा थांबवला ते मोजलं नाही. अडीच तासांचा सिनेमा दुपारी सुरू झाला आणि दिवेलागणीपर्यंत चालला.

आता थोडं या ‘न समजण्या’बद्दल. आपल्या पोरांना वाटतं, इंग्रजी कच्चं म्हणून आपल्याला समजलं नाही. सत्य काय आहे? ‘टेनेट’ इंग्लंड-अमेरिकेत लागला तेव्हा जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी जाहीर तक्रार केली की पार्श्वसंगीताच्या दणदणाटात संवाद ऐकूच येत नाहीत. ‘इंटरस्टेलर’च्या वेळीही हीच ओरड झाली होती. फरक इतकाच, की त्यांना समजलं नाही तेव्हा त्यांनी दिग्दर्शकाला जाब विचारला. आपल्या पोराला समजलं नाही तेव्हा त्याने स्वतःच्या जातीला, गावाला, शाळेला दोष दिला. एकच सिनेमा, एकच गोंधळ. पण एकाच्या मनात तक्रार आली आणि दुसऱ्याच्या मनात लाज आली. ही लाज कुठून येते याची चिकित्सा आपण करायला पाहिजे.

दुसऱ्या बाजूला आहे ते ‘भारी!’ न समजलेल्या गोष्टीला हात जोडायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. भटजी संस्कृतात काय म्हणतो ते यजमानाला कळत नाही. कळत नाही म्हणूनच ते पवित्र. अर्थ विचारला तर पावित्र्य कमी होतं. कठीण म्हणजे थोर, आणि जे मला समजत नाही ते माझ्यापेक्षा मोठंच असणार, हा ब्राह्मणी संस्कार आहे. देव्हाऱ्यातून तो थिएटरात आला तरी त्याची जात बदलत नाही. ‘टेनेट’मध्येच सुरुवातीला एक शास्त्रज्ञ बाई नायकाला सांगते की हे समजून घ्यायच्या फंदात पडू नकोस, नुसतं अनुभव. नोलनचे चाहते हे वाक्य मोठ्या भक्तीने एकमेकांना ऐकवतात. करमणुकीपुरता हा सल्ला ठीक आहे. पण तथागतांनी कालामांना नेमकं याच्या उलट सांगितलं होतं. परंपरेने सांगितलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरूबद्दल आदर आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. आपण कालामसुत्ताच्या वाटेचे लोक आहोत. आपल्याला ‘थांबवा, मागे घ्या’ हेच शोभतं.

त्या मुलीने थांबवलं आणि फळ्यावर बाण काढायला घेतले. लाल बाण पुढे जाणाऱ्या काळाचे, निळे बाण उलट्या काळाचे. सिनेमातही शेवटच्या लढाईत लाल तुकडी सरळ काळात चालते आणि निळी तुकडी उलट्या काळात. तरी काही जणांच्या डोक्यात शिरेना. तेव्हा ती म्हणाली, ‘दादा, चांदसैलीचा घाट आठवा. तळोद्याहून धडगावला एसटी वर चाललीय आणि धडगावची खाली येतेय. मध्ये दोन्ही गाड्या भेटतात. आपल्याला जे वळण अजून लागायचंय ते खालच्या गाडीतल्या माणसाने पाहून झालंय. त्याने खिडकीतून हात दाखवला तर आपण सावध होतो. सिनेमात पण तेच आहे.’ खोलीत एकदम उजेड पडल्यासारखं झालं. नोलनने दीडशे मिनिटं खर्चून जे सांगितलं ते सातपुड्यातल्या घाटाने दोन मिनिटांत सांगितलं. ज्यांना ‘तुझ्यासाठी नाही’ म्हणून हिणवलं जातं, त्यांच्याकडे उपमा कमी नाहीत. त्यांना फळा मिळत नाही, एवढंच.

पुढे सिनेमात एक कोडं येतं. शास्त्रज्ञ त्याला आजोबांचं कोडं म्हणतात. माणूस काळात मागे गेला आणि त्याने आपल्या आजोबालाच मारलं, तर मग त्याचा जन्म कसा झाला? आणि जन्मच झाला नसेल तर आजोबाला मारलं कुणी? पोलीस भरतीचा एक पोरगा पटकन म्हणाला, ‘मारायचं लांबच राहिलं, आमचा आजोबा होता हे सिद्ध करायलाच तीन वर्षं गेली.’

सगळी खोली हसली. या विनोदाचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागला नाही.

मित्रांनो, जातवैधता प्रमाणपत्राची फाईल ज्याने केली आहे त्याला काळाचा प्रवास कुणी शिकवायची गरज नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० आणि जमातीच्या माणसाला ६ सप्टेंबर १९५० या तारखेपर्यंत मागे जावं लागतं. जो दस्तऐवज त्याच्या आधीचा तो वजनदार. मग शोध सुरू होतो. पणजोबा शाळेत गेले होते का? गेले असतील तर ती शाळा आज आहे का? प्रवेश-निर्गम उतारा मिळतो का? कोतवाल बुकात नाव आहे का? असेल तर मोडीत आहे का, आणि मोडी वाचणार कोण? ज्या समाजाला शाळेत येऊच दिलं नाही, त्याच्याकडे शाळेचा कागद मागितला जातो. ज्याला १९४० साली दाखला मिळाला नाही तो नातवाला २०२५ साली नडतो. परिणाम आज, कारण ऐंशी वर्षं मागे. वंशावळीचं शपथपत्र करताना काकाच्या नावात एक अक्षर चुकलेलं निघालं की अख्खी शाखा खोटी ठरायची वेळ येते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आदिवासी असण्याची आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही. तोपर्यंत किती जणांचे प्रवेश आणि किती जणांच्या नोकऱ्या त्या काळयंत्रात अडकल्या असतील!

बौद्ध घरांतलं कोडं आणखी पुढचं आहे. आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धम्म स्वीकारला आणि जात टाकून दिली. तीच टाकलेली जात नातवाला कागदावर परत उचलून आणावी लागते. आजोबांच्या मोठेपणाचा दिवस आणि नातवाच्या पुराव्याचा दिवस यांच्यात भांडण लावून दिलेलं आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळायला १९९० साल उजाडलं. मधल्या चौतीस वर्षांत जे नोकरीच्या वयाचे होते त्यांच्यासाठी काळ कुणी उलटा फिरवला नाही.

वनहक्काचंही तसंच. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं असतं. सातपुड्यातल्या माणसाकडे सातबारा नव्हताच. मग त्याने पुरावा म्हणून काय जपलं? वनखात्याने अतिक्रमण म्हणून फाडलेली दंडाची पावती. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवलं तोच कागद मुलाच्या हक्काचा साक्षीदार झाला. ‘टेनेट’मध्ये गोळी आधी भिंतीत असते आणि मग बंदुकीत परत येते. आमच्याकडे शिक्षेची पावती आधी येते आणि हक्क मागून येतो. या घरातल्या पोराला तुम्ही सांगणार की गुंतागुंतीची गोष्ट त्याच्या डोक्यात शिरणार नाही?

आता काकांच्या आक्षेपाकडे येऊ. तो आम्ही हसून सोडला नाही, कारण त्यात तथ्य आहे. भाकरीचे प्रश्न बाजूला ठेवून नोलनची भक्ती करणारी पिढी आम्हालाही नको आहे. सिनेमात मुंबई आहे, पण ती उंच इमारतीत राहणाऱ्या शस्त्रांच्या दलालाची मुंबई आहे. नायक दोरावरून उड्या मारत वर जातो. खाली कोण राहतं हे कॅमेऱ्याला दिसत नाही. अशी टीका करायलाच हवी. पण टीका करायची तर आधी सिनेमा शेवटपर्यंत बघावा लागतो.

शेवटपर्यंत बघितला तेव्हा काकांनाही एक जागा सापडली. सिनेमातलं युद्ध भविष्यातल्या माणसांनी पुकारलेलं असतं. का? कारण आधीच्या पिढ्यांनी पृथ्वीची नासाडी केली, समुद्र चढले, नद्या आटल्या. पुढची पिढी मागच्या पिढीवर सूड घ्यायला निघते. हे ऐकल्यावर काका म्हणाले, ‘मग हा पिक्चर आमच्या नर्मदेचा पण झाला की.’ अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली. सप्टेंबर २०१९ मध्ये नोलनची मंडळी मुंबईत ‘टेनेट’चं चित्रीकरण करत होती. त्याच महिन्यात सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. एकीकडे नद्या आटल्याची गोष्ट, दुसरीकडे नदीने गाव गिळल्याची. दोन्हीकडे किंमत पुढच्या पिढीने मोजायची. काकांना हा दुवा कुणा समीक्षकाने दिला नाही, तो त्यांच्या आंदोलनाने दिला.

हेही प्रामाणिकपणे सांगू की बाण काढून झाल्यावर सिनेमातल्या काही गाठी उकलल्या आणि आत काहीच निघालं नाही. नुसताच गुंता होता. तुटलेला पेला आपोआप जुळत नाही, गरम चहा आपोआप अधिक गरम होत नाही, काळाला एक दिशा आहे, हा विज्ञानाचा नियम सुंदर आहे आणि तो समजल्याचा आनंद खरा आहे. पण प्रत्येक कठीण वस्तू खोल असतेच असं नाही. कठीण आणि खोल यांतला फरक ओळखायचा असेल तर आधी कठीण गोष्टीत उतरायची हिंमत पाहिजे. बाहेर उभं राहून ‘भारी’ म्हणणारा आणि बाहेर उभं राहून ‘सोंग’ म्हणणारा, दोघेही दाराबाहेरच राहतात.

आणि हे फक्त सिनेमापुरतं असतं तर एवढं लिहिलंही नसतं. ‘इंटरस्टेलर’चे वैज्ञानिक सल्लागार होते किप थॉर्न. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रयोगशाळेच्या कामासाठी त्यांना २०१७ साली नोबेल मिळालं. त्याच ‘लायगो’ची भारतातली वेधशाळा आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्यातल्या त्या माळरानावर उद्या दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीची थरथर मोजली जाईल. प्रश्न असा, की आत बसून ती मोजणार कोण आणि गेटवर रजिस्टर घेऊन बसणार कोण? ‘हे तुझ्यासाठी नाही’ हे वाक्य पंधराव्या वर्षी सिनेमाबद्दल ऐकून गप्प बसलेला पोरगा पंचविसाव्या वर्षी त्या गेटवर दिसतो. तोवर त्याला कुणी अडवावंही लागत नाही, तो स्वतःच आत जात नाही.

आणि जो गप्प बसला नाही त्याचं काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला तो आपल्यातून गेला. शेवटच्या पत्रात त्याने ताऱ्यांबद्दल लिहिलं होतं, आणि माणसाला एक बुद्धी म्हणून कधी वागवलंच जात नाही, त्याची किंमत त्याच्या जवळच्या ओळखीपुरती केली जाते, ही व्यथाही मांडली होती. ताऱ्यांचं वेड हे आपल्या चळवळीबाहेरचं वेड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते पत्र पुन्हा वाचावं.

कुणी म्हणेल, हे सगळं मराठीत येणार कसं? का नाही येणार? जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा मराठीतच लिहिली आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला वेगळ्याच नावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं होतं. बक्षीस मिळालं ते कथेला. मराठीला कृष्णविवर पेलतं हे पन्नास वर्षांपूर्वीच ठरलं आहे. पावरीला, भिलीलाही पेलतं, हे घाटातल्या दोन एसट्यांनी आम्हाला दाखवलं.

आमच्याच शहादा भागातले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आदिवासी खाली बसलेला आणि त्याच्या दुःखाबद्दल बोलणारे वर व्यासपीठावर, हे त्या कवितेचं दुखणं. श्रमिक संघटनेच्या काळातल्या या जिल्ह्याने ते अंगावर घेतलं होतं. पडद्यासमोर बसलेल्या आपल्या पोरांकडे पाहताना आम्हाला तेच आठवतं. प्रेक्षक म्हणून खाली बसायला हरकत नाही. पण खालून प्रश्न वर गेला पाहिजे, आणि कधी ना कधी आपणही वर चढलं पाहिजे.

म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्या आमच्या सगळ्या साथींना विनंती. महिन्यातून एक तरी असा सिनेमा लावा. नियम तीनच ठेवा. कुणीही, कितीही वेळा ‘थांबवा’ म्हणू शकतो, आणि त्यावर कुणी हसायचं नाही. ज्याला समजलं त्याने समजावताना स्वतःच्या घरच्या भाषेत आणि स्वतःच्या गावातलं उदाहरण देऊन समजावायचं. आणि सिनेमा संपल्यावर ‘भारी’ किंवा ‘बकवास’ यावर न थांबता प्रत्येकाने एक प्रश्न कागदावर लिहून द्यायचा. त्या रविवारचे कागद आमच्याकडे आहेत. एकावर लिहिलं आहे, ‘काळ उलटा फिरवता आला तर आधी कुणाचा फिरवायचा, हे कोण ठरवणार?’

हा प्रश्न नोलनने विचारलेला नाही. बाबासाहेबांच्या वारसदारांपैकी कुणीतरी तो घेऊन सिनेमा लिहावा, कथा लिहावी, नाहीतर औंढ्याच्या त्या वेधशाळेत जाऊन बसावं. आम्ही फळा आणि खडू तयार ठेवला आहे.

जय भीम! जय जोहार!